कामाच्या जागेचं वातावरण : कोकणातल्या मालक-व्यवस्थापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं दहा ते दीडशे माणसं कामाला असणाऱ्या जागांसाठी आहेत. काजू कारखाने, आंबा कॅनिंग, मासळी प्रक्रिया, किनाऱ्यावरची हॉटेलं, लोटे-महाडच्या एमआयडीसीतली लहान युनिटं अशा सगळ्यांसाठी. वेगळं एचआर खातं तुमच्याकडे नाही, हे गृहीत धरलं आहे.

वातावरण बरं आहे की बिघडलंय, हे ओळखायचं कशावरून?

माणसांना विचारलंत तर 'सगळं बरं चाललंय' एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा गेल्या बारा महिन्यांची हजेरीवही काढा. नवीन लागलेल्यांपैकी पहिल्या तीन महिन्यांत कितीजण सोडून गेले आणि ते कोणाच्या हाताखाली होते, ते नावापुढे लिहा. गळती सगळीकडे सारखी असेल तर बहुतेक वेळा पगार, राहण्याची सोय किंवा येण्याजाण्याचा प्रश्न असतो. एकाच मुकादमाच्या टोळीतून माणसं जात असतील तर पगार वाढवून ती थांबणार नाहीत.

मग अपघातवही बघा. चाळीस माणसं, बॉयलर, कटिंगची यंत्रं, ओली फरशी, आणि वर्षभर वही कोरी? अपघात होतायत, तुमच्यापर्यंत येत नाहीत इतकंच.

तिसरी खूण बातम्यांची. कोणीतरी नोकरी सोडणार आहे, मशीनचा आवाज बदललाय, किचनमध्ये दोघांचं वाजलं, हे तुम्हाला नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कळत असेल तर आत बोलायची वाट बंद आहे. पुढची बरीच उत्तरं ही वाट उघडण्याबद्दलचीच आहेत.

माणसं तोंडावर काही बोलत नाहीत आणि एक दिवस यायचीच बंद होतात. असं का?

मालक आणि कामगार बऱ्याचदा एकाच पंचक्रोशीतले असतात. देऊळ एक, कुठे भावकी, कुठे सोयरीक, कुठे जमिनीला जमीन लागलेली. कामावर उलट बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत घरी पोचतो आणि शिमग्यापर्यंत जिवंत राहतो. अशा ठिकाणी बोलण्यापेक्षा गप्प राहणं स्वस्त पडतं आणि भांडण्यापेक्षा निघून जाणं सोपं. 'माझ्या दाराला कडी नाही, कधीही या' असं मालक म्हणतो तेव्हा ते खरंही असतं, पण पहिलं पाऊल मात्र तो समोरच्यावर ढकलत असतो.

म्हणून आपण जायचं. दर महिन्याला प्रत्येकाशी पंधरा मिनिटं, एकट्याने. पन्नासच्या वर माणसं असतील तर प्रत्येक सुपरवायझरने आपल्या आठ-दहाजणांशी आणि तुम्ही सुपरवायझरांशी. ऑफिसच्या टेबलापलीकडे बसवून नको, कामाच्या जागेजवळच कुठेतरी. बायकांशी शक्यतो बाईनेच बोलावं, आणि एकटीला अवघड वाटत असेल तर दोघींना मिळून बोलवावं.

प्रश्न माणसांबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. 'काही अडचण आहे का?' याचं उत्तर 'नाही' हेच येतं. 'गेल्या आठवड्यात कुठलं काम दोनदा करावं लागलं?', 'कुठल्या कामाला हात लावायला भीती वाटते?', 'काल खोळंबा कशाने झाला?' यांना उत्तरं येतात. ऐकताना खुलासा करू नका, त्यांच्यासमोर वहीत लिहा. सात दिवसांच्या आत त्यातली एक तरी गोष्ट करून दाखवा, भले ती संडासाची कडी किंवा पॅकिंग टेबलावरचा दिवा असेल. जे जमणार नाही ते 'जमणार नाही, कारण हे' असं सांगून मोकळे व्हा. पहिल्या महिन्यात काहीच निघत नाही, दुसऱ्यात किरकोळ निघतं, खरं बोलणं साधारण तिसऱ्यापासून सुरू होतं. बरेच मालक दुसऱ्या महिन्यानंतर कंटाळतात.

'हे तुला कोणी सांगितलं?' हा प्रश्न मात्र कायमचा सोडून द्या. तो एकदा विचारला की तीन महिन्यांची मेहनत गेली.

तक्रारपेटी लावली तर?

तीस माणसांत कोणाचं अक्षर कोणाचं हे सगळ्यांना माहीत असतं. आणि पेटी टांगलेली असते ऑफिसच्या दाराशी, कॅमेऱ्याखाली. शंभराच्या वर माणसं असतील तर लावा, कॅमेऱ्यापासून लांब, आणि दर पंधरवड्याला ठरलेल्या वारी दोघांसमोर उघडा. उत्तरं फळ्यावर लागत नसतील तर पेटी काढून टाकलेली बरी.

चूक झाली की लपवतात. माल गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर आम्हाला कळतं.

वाईट बातमी घेऊन आलेल्या माणसाला तुमच्याकडून पहिल्या अर्ध्या मिनिटात जे मिळतं, त्यावर पुढची बातमी येणार की नाही हे ठरतं. तिथे उभी असलेली बाकीची माणसं तेच बघत असतात. त्या क्षणासाठी तीन वाक्यं पाठ करून ठेवा: 'सांगितलंस ते बरं केलंस. माल आत्ता कुठे आहे? आधी काय थांबवायचं?' कारण शोधायचं ते नंतर, माल अडवल्यावर.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधक रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चालणाऱ्या गटांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त, कारण त्या गटांतल्या परिचारिका चुका बोलून दाखवू शकत होत्या. तुमच्याकडेही हे काम सुरू केल्यावर पहिले काही महिने वहीतल्या चुका वाढलेल्या दिसतील. घाबरून जुन्या वळणावर जाऊ नका.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. नजरचुकीने झालेलं एक, घाईत पायरी गाळलेली दुसरं आणि समजून-उमजून केलेलं तिसरं. पहिल्यात पद्धत सुधारायची. दुसऱ्यात त्या माणसाशी बोलायचं आणि घाई कोणी लावली तेही बघायचं, कारण पुष्कळदा ती आपणच लावलेली असते. कारवाई फक्त तिसऱ्यात.

दंड कापण्याची सवय असेल तर कायदा वाचा. वेतन संहितेनुसार दंड त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि ती रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरावी लागते. 'फुटलेल्या कपाचे पन्नास' परस्पर कापणं या चौकटीत बसत नाही. शिवाय हॉटेलात कप फुटायचे थांबत नाहीत, तुकडे कचऱ्यात खोल पुरले जातात.

किलोवर मजुरी दिली तर माणसं मन लावून काम करतात ना?

वेगाने करतात. मन लावून करतातच असं नाही, आणि मजुरी कशावर ठरवली आहे यावर वातावरण बरंच अवलंबून असतं. काजूचंच घ्या. कटिंगला किलोवर पैसे असतील तर हातमोजे आधी उतरतात, कारण मोज्यांनी वेग कमी होतो. टरफलातल्या तेलाने बोटं भाजतात, कातडी सोलवटते. मालक म्हणतो, मोजे दिलेत पण घालत नाहीत. मोजे घालून जितकी बी फुटते त्या वेगावर दर बांधलेला नसेल तर कोण घालेल?

दुसरा घोळ अख्ख्या गराचा. पाकळी आणि तुकडा जास्त निघाला की सोलणाऱ्या बाईचे पैसे कापले जातात. पण गर फुटण्याची निम्मी कारणं तिच्या टेबलावर येण्याआधी घडलेली असतात: बी वाफवताना वेळ चुकली, वाफवल्यावर ती रात्रभर निवू न देता कटिंगला घेतली, ड्रायरमध्ये गर जास्त वाळून ठिसूळ झाला, किंवा मुळात बीच जुनी होती. आदल्या माणसाच्या चुकीचे पैसे पुढच्या बाईने भरायचे, असं दोन हंगाम चाललं की दोन खात्यांमधलं बोलणं बंद होतं.

उपाय असा. प्रत्येक घाण्याला, म्हणजे एका वेळी वाफवलेल्या मालाला, नंबर द्या आणि तो वाफवण्यापासून ग्रेडिंगपर्यंत ट्रेबरोबर फिरू द्या. तुकड्याचं प्रमाण घाण्याप्रमाणे लिहा, बाईप्रमाणे नंतर. एकाच घाण्यात दहाजणींपैकी एकीचाच तुकडा जास्त असेल तर तिला शिकवायची गरज आहे. सगळ्यांचाच जास्त असेल तर ड्रायरकडे जा. रोजंदारीचा एक ठरावीक पाया ठेवून वर किलोचा भाग द्या, म्हणजे खराब बी आलेल्या दिवशी चूल बंद पडत नाही. या पायासह मिळणारी रक्कम किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये.

आणि वजन कामगाराच्या डोळ्यांसमोर करा, आकडा तिला दिसेल अशा बाजूने काटा ठेवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन पडताळणी दर वर्षी करायची असते, तो शिक्का दिसू द्या. काट्यावरचा संशय हा या धंद्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्तात मिटणारा तंटा आहे.

गणपतीला सगळ्यांनाच रजा हवी. काय करायचं?

कारखाना असेल तर बंद ठेवा. अर्ध्या माणसांवर चालवलेल्या चार दिवसांत उत्पादनापेक्षा राग जास्त निघतो. सुट्टीच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच फळ्यावर लावा आणि ऑर्डरी त्याभोवती घ्या.

हॉटेल, रुग्णालय, शीतगृह, बर्फाचा कारखाना यांना बंद ठेवता येत नाही. तिथे रजेचा तक्ता चतुर्थीच्या किमान ७५ दिवस आधी भिंतीवर लागला पाहिजे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि बाहेरगावचा माणूस तिकीट काढून मोकळा झाल्यावर तुम्ही रजा नाकारलीत तर तो तसाच जाणार. तक्त्यात प्रत्येकाने लिहायचं: घरी गणपती किती दिवसांचा, दीड, पाच, सात की अनंत चतुर्दशीपर्यंतचा, आणि गौरी आहेत का. हे लिहून आलं की लक्षात येतं, सगळ्यांना अकरा दिवस नको असतात. दीड दिवसवाला तिसऱ्या दिवशी परत येऊ शकतो आणि तेव्हा दुसरा जाऊ शकतो. गेल्या वर्षी जो थांबला त्याला यंदा पहिली निवड. थांबणाऱ्याला मोबदला काय, दुप्पट मजुरी की बदली सुट्टी, तेही तक्त्यावरच लिहा. ऐनवेळी तोंडी ठरवलेलं नंतर प्रत्येकाला वेगवेगळं आठवतं.

शिमग्याचं गणित वेगळं आहे. पालखी प्रत्येक गावात वेगळ्या दिवशी फिरते, त्यामुळे सरसकट सुट्टीपेक्षा 'पालखी घरी येण्याचा एक दिवस' अशी रजा ठेवली तर काम अडत नाही. ईद आणि बागेतल्या, बोटीवरच्या नेपाळी माणसांची दशैं (त्यांचा दसरा) हीसुद्धा त्याच तक्त्यावर हवी. स्थानिकांची रजा हक्काची आणि बाहेरच्यांची उपकाराची, असा भेद लोक पटकन टिपतात.

हंगामी आणि ठेकेदाराची माणसं आपली धरायची का?

मार्च ते मे आंब्याच्या हंगामात निम्मं काम तीच करतात, तेव्हा धरायलाच हवीत. पहिल्या दिवशी त्यांना अर्धा-पाऊण तास द्या: रोज किती, उचल किती दिली आहे आणि ती कशी वळती होणार, जादा तासांचे किती, संडास-पाणी कुठे, लागलं-खुपलं तर कोणाला हाक मारायची. उचलीचा हिशोब माणसाला समजेल अशा भाषेत कागदावर द्या, त्याची एक प्रत त्याच्याकडे. हंगामाच्या शेवटी होणाऱ्या भांडणांचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. मजुरी शक्यतो थेट खात्यात जावी. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने शेवटी मूळ मालकावर येते.

चहाचे कप वेगळे, जेवायची जागा वेगळी, हे प्रकार अजून दिसतात. ते कोणी सुरू केलं याचा शोध घेत बसू नका, दुसऱ्या दिवसापासून बंद करा, आणि पहिले काही दिवस स्वतः तिथे बसून चहा घ्या.

मुकादम आरडाओरड करतो, पण माल त्याच्यामुळेच निघतो. काढू की ठेवू?

आधी त्याला ते काम शिकवलं होतं का ते आठवा. उत्तम कटर असलेल्या माणसाला एका सकाळी वीस जणांचा मुकादम केलं जातं आणि माणसं कशी सांभाळायची हे कोणी सांगत नाही. त्याच्यावर जसे ओरडले तसा तो ओरडतो.

त्याच्याशी बोलताना 'तुझा स्वभाव सुधार' म्हणू नका, त्यातून काही हाती लागत नाही. घडलेली गोष्ट सांगा: 'मंगळवारी पॅकिंगला सगळ्यांसमोर तू तिच्या बापाचा उद्धार केलास. हे पुन्हा चालणार नाही.' बदल्यात काय करायचं तेही सांगा: चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, शिवी नाही, आवाज मशीनवरून ऐकू जाईल इतकाच. तीस दिवसांची मुदत द्या, दर आठवड्याला दहा मिनिटं बसा, टोळीतल्या दोघा-तिघांकडून अंदाज घ्या. फरक पडला तर लगेच बोलून दाखवा.

नाही पडला तर त्याच्या हाताखालची माणसं दुसऱ्याकडे सोपवा आणि पगार न कमी करता त्याला यंत्राचं, खरेदीचं किंवा मालाच्या तपासणीचं काम द्या. तेही जमलं नाही तर निरोप द्या. त्याला ठेवून मिळणारा माल मोजला जातो, पण त्याच्यामुळे गेलेली माणसं आणि नवीन माणूस तयार होईपर्यंतचं नुकसान कोणी मोजत नाही, म्हणून तो फायद्याचा वाटतो.

मालकाचा भाचा कामावर आहे. बाकीचे कुरकुरतात.

त्याची हजेरी इतरांच्या वहीत, त्याच पंचिंगवर. त्याचा वरिष्ठ कुटुंबाबाहेरचा असावा आणि त्या वरिष्ठाने दिलेला निर्णय घरच्या जेवणाच्या ताटावर फिरवला जाऊ नये. एवढं पाळलं तर कुरकुर बरीच विरते.

लैंगिक छळाविरुद्धची समिती लहान जागेलाही लागते का?

दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लागतेच. कायदा २०१३ चा आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य, संस्थेबाहेरची एक जाणकार व्यक्ती, आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. समिती नसेल तर ₹५०,००० पर्यंत दंड. रोजंदारीवरच्या, ठेकेदाराच्या आणि शिकाऊ महिलाही या कायद्यात येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाची कारवाई ६० दिवसांत.

बिघडतं ते दोन जागी. घरचीच बाई नावाला अध्यक्ष केली जाते आणि मग कोणी तिच्याकडे फिरकत नाही. दुसरं म्हणजे गावातली वडीलधारी मंडळी मध्ये पडून 'घरातलं घरात मिटवू' म्हणतात. समेट तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या देवाणघेवाणीवर तो होऊ शकत नाही. तक्रारदाराचं नाव बाहेर फुटू देणं हाही कायद्याचा भंग आहे. लहान गावात हीच सगळ्यात अवघड बाजू, त्यामुळे समितीच्या बैठका कारखान्याबाहेर घ्या आणि कागद कुलपात ठेवा.

रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना टाकल्या तर काय बिघडतं?

रात्री दहाला टाकलेला निरोप कोणी वाचला, कोणी नाही, यावर सकाळी वाद होतो. संध्याकाळी सातनंतर फक्त पाळी रद्द होणं, वादळ, आग असल्या गोष्टी, आणि त्याही फोनवर. ग्रुपवर नाव घेऊन कोणाची चूक काढू नका, कधीच.

दारू पिऊन कोणी कामावर आलं तर?

यंत्राला, चुलीला, गाडीला हात लावू देऊ नका. वाद घालू नका, सगळ्यांसमोर बोलू नका. कोणाबरोबर तरी घरी पोचवा, स्वतःच्या मोटरसायकलवर जाऊ देऊ नका. बोलणं दुसऱ्या दिवशी, शुद्धीत. सुपरवायझर आला तरी नियम हाच, नाहीतर तो नियम उरत नाही.

पावसात माणसं वेळेवर येत नाहीत. सूट द्यावी का?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, त्या तारखेनंतर हा प्रश्न शिस्तीचा कमी आणि जिवाचा जास्त आहे. जूनच्या आधी एक कागद तयार ठेवा. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर काम बंद की अर्धी पाळी, ते कोण ठरवणार, सकाळी किती वाजेपर्यंत कळवणार. प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या वाटेतला वहाळ, साकव किंवा घाट लिहा. पाणी चढायला लागलं की त्या वाटेची माणसं आधी सोडायची, शेवटच्या एसटीची वाट बघायची नाही. घरी पाठवण्याचा अधिकार पाळीच्या सुपरवायझरला द्या, कारण मालकाचा फोन लागेलच असं नाही.

त्या दिवसाचे पैसे कापू नका. कापले तर पुढच्या वेळी माणूस पाण्यातून येईल किंवा पाणी चढेपर्यंत थांबेल, आणि दोन्ही तुम्हाला परवडणार नाही.

हातात पैसा नाही. सुरुवात कशाने करायची?

पगार ठरल्या तारखेला द्या. कायद्याने मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. उशीर होणारच असेल तर तो आधी, स्वतः, तारखेसकट सांगा. मग संडास: बायकांसाठी वेगळा, आतून कडी, पाणी, झाकणाची कचरापेटी. त्यानंतर जादा तासांचा हिशोब दुप्पट दराने, लेखी. सहलीचा, टी-शर्टचा आणि 'आपण सारे एक कुटुंब'च्या फलकाचा खर्च या तिन्हीनंतर. त्या आधी केला तर माणसं हसतात, आणि त्यांचं चुकत नाही.

इतकं करूनही चांगला माणूस मुंबई-पुण्याला निघाला तर?

जाऊ द्या, पण नीट. शेवटच्या आठवड्यात अर्धा तास बसून दोन गोष्टी विचारा: जायचा विचार पहिल्यांदा कधी आला, आणि त्या आठवड्यात काय घडलं होतं? पगाराचं कारण सगळेच सांगतात, त्या आठवड्याचं कारण उपयोगाचं असतं. राहिलेली मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करा, अनुभवाचा दाखला मागायला लावू नका, पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून घ्या. जागा कोणाला देताय ते मागे राहिलेल्यांना त्याच आठवड्यात सांगा, नाहीतर त्याचं काम कोणाच्या गळ्यात पडणार याचे तर्क सुरू होतात. आणि पुढच्या हंगामाआधी, फेब्रुवारीत, त्याला एक फोन करा. गणपतीला गावी आलेला माणूस कारखान्यात डोकावून जातो की रस्ता बदलून जातो, हेही नोंदवून ठेवण्यासारखं आहे.